बाकड्यावरचे नाव

आमच्या गावच्या नाक्यावर, क्रुसापासून दहा पावलांवर, एक लोखंडी बाकडे आहे. ते कोणाच्या निधीतून आले हे त्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. बाकड्याचा एक पाय गंजून गळाला, तिथे कोणीतरी विटा रचल्या. संध्याकाळी गावातील म्हातारी माणसे त्याच्या शाबूत बाजूला दाटीवाटीने बसतात. नाव मात्र अजून स्वच्छ वाचता येते, कारण गेल्या निवडणुकीपूर्वी कोणीतरी येऊन त्या अक्षरांवर नव्याने रंग फिरवला. पायाला हात लावला नाही. बाकड्यासमोरच्या गटारावरचे झाकण नाहीसे होऊन दोन पावसाळे उलटले. रात्री येणाऱ्याला तिथे भोक आहे हे कळावे म्हणून त्यात झाडाची एक फांदी खोचून ठेवलेली आहे. ती खोचली गावातल्याच एका वाडीवाल्याने. त्याचे नाव कुठेही लिहिलेले नाही.

वाचकहो, आमची तक्रार त्या रंगवलेल्या नावाविषयी आहे, असा तुमचा समज होईल. परंतु आमची खरी तक्रार आपल्या सर्वांविषयी आहे. ते नाव तिथे लिहिले जाते, कारण ते वाचून आपण कृतज्ञ होतो. बाकडे आले ते आपण भरलेल्या करातून आले, हे ठाऊक असूनही 'त्यांनी दिले' असे आपण म्हणतो. 'दिले' हे एकच क्रियापद आपल्या सार्वजनिक जीवनाला किती खोल गेलेली कीड आहे, याचा विचार एकदा शांतपणे करावयास हवा.

नगरसेवकाकडून आपण काय मागतो? सणाच्या दिवशी मंडपासाठी दोनशे खुर्च्या. क्रिकेटच्या सामन्यांसाठी चषक. गावच्या क्रुसाला फरशी. मयताच्या घरी हजेरी. जो मयताला येतो तो चांगला, जो येत नाही तो गर्विष्ठ, इतकी आपली कसोटी सोपी आहे. मिस्सा संपल्यावर त्याला पुढे बोलावून पुष्पगुच्छ देतो, पहिल्या रांगेत बसवतो, आणि त्या वेळी त्याला एकही प्रश्न विचारणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. आदरातिथ्य हा आपल्या समाजाचा गुण आहे, ते आम्हांला मान्य आहे. पण ज्याला आपण कारभार पाहण्यासाठी निवडून दिले, त्याला आपण पाहुणा करून टाकले आहे. पाहुण्याला हिशेब कोण विचारणार?

मुळात हा माणूस आहे कोण? घटनेची ७४ वी दुरुस्ती १९९२ साली संमत झाली आणि १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली. शहराच्या कारभाराचे १८ विषय तिच्यात आहेत. नगररचना, रस्ते व पूल, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य व मलनिस्सारण, अग्निशमन, उद्याने, दफनभूमी आणि स्मशाने, पथदिवे, बसथांबे. महापालिकांचा १९४९ चा अधिनियम यापुढे जातो आणि यांतील बहुतेक कामे महापालिकेवर बंधनकारक करतो. जीर्ण, पडाऊ बांधकामांबाबत कारवाई करण्याचा अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम २६४ ने आयुक्तांना दिलेला आहे. म्हणजे शेजाराची सुरक्षितता या शब्दाला कायद्यात जो अर्थ आहे तो असा की, दिवा लागलेला असावा, गटार झाकलेले असावे, इमारत उभी राहावी, आग लागली तर बंब पोहोचावा, नळाचे पाणी पिण्याजोगे असावे. हे घडते की नाही यावर लोकांच्या वतीने नजर ठेवणे, न घडल्यास सभेत उभे राहून जाब विचारणे, पैसा कोठे जातो ते पाहणे, हे नगरसेवकाचे काम. खुर्च्या पुरवण्याचा उल्लेख आम्हांला कोणत्याही अनुसूचीत आढळला नाही.

आता 'सुरक्षित प्रभाग' नावाची एक नवी जाहिरात निघाली आहे. चौकाचौकांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचे, खाली फलक लावायचा आणि फीत कापायची. कॅमेऱ्याला आमचा विरोध नाही. गळ्यातील सोनसाखळी ओढून पळालेला दुचाकीस्वार त्यातून सापडतो, ते खोटे नाही. पण कॅमेरा पाहतो ते घडून गेलेले. शेवटच्या गाडीने उतरून पाऊण मैल अंधारातून चालत घरी येणाऱ्या परिचारिकेला, आणि अशा परिचारिका आपल्या प्रत्येक गावात आहेत, कॅमेऱ्याने धीर येत नाही. तिला खांबावरचा दिवा हवा, फेरीवाल्याच्या गाड्यांनी न अडलेला पदपथ हवा आणि उघड्या खिडकीत जागे असलेले एखादे घर हवे. शिवाय पोलीस खाते महापालिकेच्या हाती नाही. ते राज्य शासनाचे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि त्याला नगरसेवक आदेश देऊ शकत नाही. जे त्याच्या हाती नाही त्याचे तो उद्घाटन करतो, आणि जे त्याच्या हाती आहे त्याविषयी मौन बाळगतो. याचे कारण फार साधे आहे. गटाराच्या झाकणाची फीत कापता येत नाही.

सुरक्षितता माणसांच्या ओळखीतून येते, याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. भिवंडी १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली दंगलीत होरपळली. १९८८ नंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे आणि हाताखालचे पोलीस शिपाई यांना त्यांनी नियमाने एकत्र बसवले. बोलणे नळाचे, कचऱ्याचे, मुलांच्या भांडणांचे. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली आणि तिच्या संस्थापकांत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो होते, हे आपल्या वाचकांस माहीत असेलच. नळाच्या निमित्ताने एकमेकांना ओळखणारी माणसे रात्री एकमेकांच्या दारावर दगड घेऊन जात नाहीत. यात सिद्धांत वगैरे काही नाही, शेजारधर्म आहे.

आणि इथेच आपल्याला आपल्याच दाराकडे वळून पाहावे लागते. आपल्या गावांच्या कडेने उभ्या राहिलेल्या इमारतींत कोण राहते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? 'बाहेरचे' या एका शब्दात आपण हजारो कुटुंबे बसवतो. त्यांच्या पाण्याचा, त्यांच्या जिन्याचा, त्यांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न आपल्याला आपला वाटत नाही. आपल्या आळीत दिवा लागला की आपला प्रभाग सुरक्षित झाला, अशी आपली समजूत. रोगराई, आग आणि पुराचे पाणी धर्मग्रामाची हद्द विचारून आत येत नाही.

विरार पूर्वेच्या विजय नगरात २०२५ च्या २६ ऑगस्टच्या मध्यरात्री रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग कोसळला आणि १७ माणसे ढिगाऱ्याखाली मेली. इमारत अनधिकृत होती. त्याआधी चार वर्षे, २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे, करोनाच्या ऐन तडाख्यात, विरारमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि किमान १३ रुग्ण दगावले. या दोन्ही रात्री वसई-विरार शहराला एकही नगरसेवक नव्हता. महापालिकेची मुदत २०२० च्या जूनमध्ये संपली, आणि तेव्हापासून जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत साडेपाच वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. लाखो माणसांच्या शहरात इतका काळ निवडून आलेला एकही माणूस सभेत उभा राहून प्रश्न विचारू शकत नव्हता. आपल्यापैकी कितींनी त्याविरुद्ध आवाज उठवला? खरे सांगायचे तर कित्येकांना ते जाणवलेही नाही. नगरसेवक म्हणजे खुर्च्या आणि चषक असे एकदा ठरल्यावर, तो नसल्याने काय अडणार? माजी नगरसेवक होतेच की खुर्च्या द्यायला.

पण नगरसेवक असते तर ती इमारत पडली नसती, असे आम्ही म्हणणार नाही. ते अप्रामाणिकपणाचे होईल. ती इमारत बांधली गेली २०१२ च्या सुमारास, आणि तेव्हा सभागृह भरलेले होते. २०१० आणि २०१५ अशा दोन निवडणुका या महापालिकेने प्रशासक येण्याआधी पाहिल्या होत्या. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी शुद्धीकरण आणि कचरा यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि २०२५ च्या आरंभी त्या जमीनदोस्त झाल्या. ज्या कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून तिथे घर घेतले होते ती रस्त्यावर आली. ४१ इमारती एका रात्रीत भूछत्रासारख्या उगवत नाहीत. पाया खणला जातो, स्लॅब पडतात, टँकर येतात, दिवे लागतात, मते मागायला माणसे जिने चढतात. इतक्या वर्षांत त्या जिन्यावरून मतांसाठी वर गेलेल्या कोणालाच ही जमीन कशासाठी राखीव होती हे आठवले नाही काय?

ज्याच्या डोळ्यांसमोर ती उभी राहते तो प्रत्येक जण अनधिकृत इमारतीचा भागीदार असतो. बोलणाऱ्याला त्रास होतो, हे आम्ही जाणतो. हरित वसईच्या चळवळीत ज्यांनी पाण्याच्या टँकरविरुद्ध आणि जमिनी गिळणाऱ्या विकासाविरुद्ध आवाज उठवला, त्यांना काय सोसावे लागले ते आपल्या घराघरांत माहीत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले तेव्हा आपण सर्वांनी अश्रू ढाळले. त्यांच्या मागे किती जण चालले होते आणि किती जण दारात उभे राहून पाहत होते, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्यापुरता करावा.

हे लिहिताना आपल्या बावखलांची आठवण होते. पश्चिम पट्ट्यात वाडीच्या कडेला गोड्या पाण्याची ही तळी आपल्या पूर्वजांनी राखली. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे, विहिरी गोड राहत आणि खारे पाणी दूर राही. ही बावखले भरून कोणी टाकली? नगरसेवकाने नव्हे. बहुतेक ठिकाणी आपणच, किंवा आपल्या सहीने दुसऱ्या कोणी. भराव टाकला, भिंत बांधली, वर मोटार उभी केली. २०१८ च्या जुलैत वसईचे रस्ते कित्येक दिवस पाण्याखाली राहिले, मिठागरांतील वस्त्या वेढल्या गेल्या, आगगाड्या अडकल्या. तेव्हा आपण महापालिकेच्या नावाने बोटे मोडली. मोडायलाही हवी होती, कारण नाले बुजू देणे हा कारभाराचा अपराध आहे. पण पाण्याच्या वाटेवर आपले कुंपण होते, हे आपण बोटे मोडताना सांगितले नाही.

आगीचेही तसेच. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमान्वये ज्या इमारतींना अग्निसुरक्षा व्यवस्था आवश्यक आहे, त्यांच्या मालकांनी किंवा सोसायट्यांनी ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करावयाचे असते. आपण राहतो त्या सोसायटीने गेल्या जानेवारीत ते दिले काय? ठाऊक नसेल तर हे पान मिटून चिटणीसांना विचारून यावे. आम्ही थांबतो.

जानेवारी २०२६ मधील निवडणुकीनंतर वसई-विरारला पुन्हा ११५ नगरसेवक मिळाले. परंतु पद्धत बहुसदस्यीय प्रभागाची. बहुतेक प्रभागांतून चार-चार जण निवडून आले. चार जण आहेत म्हणजे चौपट काम होईल, असे ज्यांना वाटते त्यांनी 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आठवावी. इथे तर घरे चार आहेत. दिवा बंद पडला की पहिला म्हणतो ते दुसऱ्याकडे, दुसरा म्हणतो तिसऱ्याच्या पत्रावर काम मंजूर आहे. दिवा लागला की मात्र चौघांचेही फलक एकाच खांबावर लटकतात. ही पद्धत लोकांच्या सोयीची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ती आहे तोवर तिच्यातूनच वाट काढावी लागेल, आणि वाट कायद्यानेच ठेवलेली आहे.

एक वाट प्रभाग समितीची. आपल्या महापालिकेत अशा नऊ समित्या आहेत. नागरिकांच्या पाणी, गटार, सफाई यांविषयीच्या तक्रारींचे लवकर निवारण करणे आणि प्रभागातील खर्चाच्या अंदाजांवर शिफारशी करणे, हे त्यांचे काम. तिच्यावर नगरसेवकांखेरीज बिगरसरकारी व लोकाधारित संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम २९ अ मध्ये आहे. ही तरतूद आपण कधी वाचली आहे काय? १९१८ साली, कर्जबाजारी शेतकऱ्याला सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी ज्या समाजाने स्वतःची सहकारी पतपेढी काढली आणि ती वाढवून बँक केली, त्या समाजाकडे संस्था नाहीत असे कोण म्हणेल? संस्था आहेत, हिशेब जाणणारे निवृत्त लोक आहेत, परिचारिका आहेत, अभियंते आहेत. ही माणसे समितीच्या खुर्चीत दिसत नाहीत, कारण त्या खुर्चीची आपण कधी मागणीच केली नाही. आपण मागितल्या त्या मंडपातल्या खुर्च्या.

दुसरी वाट क्षेत्रसभेची. महाराष्ट्राने २००९ साली महापालिका कायद्यात दुरुस्ती करून मतदान केंद्रांच्या हद्दीनुसार नागरिकांची क्षेत्रसभा भरवण्याची तरतूद केली. गावाला जशी ग्रामसभा तशी शहराला ही. नगरसेवकाने ती दोन वर्षांत किमान चार वेळा घ्यावयाची आहे आणि न घेतल्यास त्याचे पद धोक्यात येऊ शकते. आपल्या खेड्यांना महापालिकेत घालू नये म्हणून २००९ साली आणि नंतरही केवढे आंदोलन झाले! तेव्हाचा एक मुख्य मुद्दा हाच होता की ग्रामसभा जाईल, आपला आवाज जाईल. तो मुद्दा खरा होता. मग ग्रामसभेची जागा घेऊ शकणारी सभा कायद्यात असताना ती आपण का मागत नाही? आंदोलनात जागवलेल्या रात्री आणि सभेसाठी द्यावयाची एक संध्याकाळ, यांत अधिक कठीण काय आहे?

ही मागणी घेऊन कृपया धर्मगुरूंना पुढे पाठवू नये. ही आपली जुनी सवय आहे. नळाला पाणी नाही, फादरना सांगा. दिवा गेला, फादरनी फोन करावा. मत देणारे आपण, कर भरणारे आपण, आणि अर्ज मात्र धर्मगुरूंनी करावा! त्यांच्या शब्दाला वजन असते हे खरे. पण त्यामुळे होते असे की, धर्मगुरूंच्या भिडेने दिलेली सोय उपकार ठरते, आणि उपकाराची फेड पुढच्या निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात मागितली जाते. 'आपला माणूस' म्हणून आडनाव पाहून मत देणारे आणि आडनाव पाहून नाकारणारे, दोघेही या व्यवहारात सारखेच बळी पडतात.

धर्मग्रामाने करण्याजोगे काम वेगळे आहे, आणि ते दुसरे कोणी करू शकणार नाही. आपली मुले कॅनडात, आखाती देशांत, ऑस्ट्रेलियात गेली. मागे मोठमोठी घरे आणि त्यांत एकेकटी म्हातारी माणसे राहिली. रात्री अंघोळीच्या खोलीत पाय घसरला तर सकाळी दूधवाला येईपर्यंत कोणाला कळत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली केलेल्या नियमांप्रमाणे पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावयाची असते. ती यादी पोलिसाला कोण करून देणार? कोणत्या घरात कोण एकटे आहे, कोणाला इन्सुलिन लागते, कोणाच्या दाराची कडी आतून लागत नाही, हे त्या आळीतील समूहाच्या बायांना तोंडपाठ असते. ती माहिती लिहून काढणे, तिच्यावरून महापालिकेच्या दवाखान्याकडे परिचारिकेच्या घरभेटी मागणे, रुग्णवाहिका किती वेळात येते ते घड्याळ लावून टिपणे, आणि ती टिपणे क्षेत्रसभेत वाचून दाखवणे. याला निधी लागत नाही. फळ्यावर नाव लिहिण्याजोगेही यात काही नाही. मात्र ही यादी आपल्यापुरती करून चालणार नाही. शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी गुजराती किंवा उत्तर भारतीय आजी तिच्यात नसेल तर ती यादी शेजाराची नाही, आपल्या नोंदवहीची प्रत आहे.

नगरसेवकांवर आम्ही अन्याय करतो आहोत, असे काहींना वाटेल. या पदावर आलेल्या काही मंडळींनी पहाटे पंप सुरू झाला की नाही हे पाहण्यासाठी स्वतः चकरा मारलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. पुराच्या दिवसांत गुडघाभर पाण्यात अन्नाची पाकिटे वाटणारेही पाहिले. त्यांच्या माणुसकीला आमचा नमस्कार. परंतु दर पावसाळ्यात पाकिटे वाटणारा आणि पाच वर्षांत नाल्याविषयी एकदाही तोंड न उघडणारा माणूस आपल्याला देवदूत वाटू लागला, तर पूर त्याच्या फायद्याचा ठरतो. हे त्यालाही कळते. आपल्यालाच कळत नाही.

आमच्या प्रभागातील चौघाही नगरसेवकांना गावातील सदतीस जणांच्या सह्यांचे पत्र आम्ही दिले आहे. पत्रात दोनच गोष्टी आहेत. पहिली क्षेत्रसभा कोणत्या तारखेला आणि कोठे भरणार, आणि नाक्यावरच्या गटाराचे झाकण कोणाच्या कामात येते. दोघांनी पत्र घेतल्याची पोच दिली. तिसऱ्यांनी फोन करून विचारले की सणाला खुर्च्या किती लागतील. चौथ्यांचे उत्तर यायचे आहे. फांदी वाळल्यामुळे वाडीवाल्याने काल नवी खोचली.